अभ्यासिकेचं वाय-फाय सारखं तुटत होतं : डीऑथ, हँडशेक आणि डब्ल्यूपीए३

कृष्णाकाठ

कराडला एका ग्रंथालयाची अभ्यासिका आहे, तिचं नेटवर्क मी सहा वर्षं बघतोय. पगारी काम नाही. संध्याकाळी दुकान बंद केलं की तासभर जाऊन येतो. १२० मुलंमुली, बहुतेक स्पर्धा परीक्षेची. फायबरची एक लाइन, छताला तीन एपी (वाय-फाय सोडणारे अ‍ॅक्सेस पॉइंट) आणि सगळ्यांना मिळून एकच पासवर्ड, दारापाशी फळ्यावर खडूनं लिहिलेला.

दिवाळीनंतर तक्रारी सुरू झाल्या. "दादा, नेट जातंय." जायचं म्हणजे असं की फोन तुटायचा आणि पाच-सात सेकंदांत आपोआप परत जोडला जायचा. यूट्यूब बघणाऱ्याला ते कळतही नाही. पण ऑनलाइन सराव परीक्षा चालू असताना तुटलं तर पेपर पहिल्यापासून. एक मुलगी दीड तासाचा पेपर असा गेल्यावर पुस्तकं आवरून निघून गेली, पुढे चार दिवस आलीच नाही. तेव्हा ठरवलं की आता मुळाशी जायचं.

लाइनवाल्यांना दोनदा बोलावलं, लाइन स्वच्छ होती. अ‍ॅडॅप्टर बदलले, चॅनेल बदलले, काही फरक नाही. शेवटी जुन्या लॅपटॉपला यूएसबीचं कार्ड लावून मॉनिटर मोडमध्ये (नुसतं सगळ्यांचं ऐकण्याच्या) टाकलं आणि हवेत काय चाललंय ते वायरशार्क ह्या निरोप टिपणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पकडलं.

चार मिनिटांत जवळजवळ चारशे डीऑथेंटिकेशन (डीऑथ) फ्रेम मिळाल्या, म्हणजे 'नेटवर्क सोड' असं फोनला सांगणारे छोटे निरोप. पाठवणाऱ्याचा पत्ता आमच्याच एपीचा, कारण-क्रमांक ७. कागदावर बघितलं तर आमचा एपीच मुलांना हाकलत होता. पण दोन गोष्टी जुळेनात. एपी छताला आहे, मी बसलो होतो तिथे त्याचे बीकन ('मी इथे आहे' अशी एपीची सततची हाक) उणे ५८ डीबीएमनं येत होते. हा आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल जोरदार. ह्या डीऑथ फ्रेम मात्र उणे ३४ नं. एकाच जागेवरच्या एकाच यंत्राचा सिग्नल एकाच क्षणी एवढा वेगळा येत नाही. दुसरी गोष्ट सीक्वेन्स नंबरची, म्हणजे यंत्र आपल्या फ्रेमना देतं त्या चढत्या क्रमांकाची. बीकनचे आकडे १८०६, १८०७, १८०८ असे ओळीनं चाललेले, मध्येच डीऑथ ४१, ४२, आणि मग बीकन पुन्हा १८०९. म्हणजे आमच्या एपीचं नाव सांगून दुसरंच कुणीतरी बोलत होतं, आणि ते माझ्यापासून फार लांब नव्हतं.

लॅपटॉप हातात घेऊन रांगारांगांतून फिरलो. तिसऱ्या रांगेत एका बॅगेत पॉवर बँकेला जोडलेलं ईएसपी८२६६ ह्या वाय-फाय चिपचं छोटं बोर्ड निघालं. मुलाशी बाहेर नेऊन शांतपणे बोललो. बाकीचे तुटले की आपल्याला स्पीड मिळतो, एवढाच त्याचा हिशोब होता. त्याचं नाव इथे येणार नाही आणि कुणी विचारूही नये.

बोर्ड काढून घेतलं, पण दोनतीनशे रुपयांत ते परत येईल. दार उघडंच आहे. १९९७ च्या पहिल्या ८०२.११ ह्या वाय-फाय मानकापासून मॅनेजमेंट (जोडण्या-तोडण्याच्या) फ्रेमवर सही नव्हती. 'तू आता नेटवर्कवर नाहीस' हे कुणीही कुणाच्याही नावानं सांगू शकतो आणि फोन ते मुकाट ऐकतो. डब्ल्यूपीए२ ह्या वाय-फायच्या सुरक्षा मानकानं डेटा कुलपात घातला, पण ह्या फ्रेम तशाच बाहेर राहिल्या.

मला जास्त घोर लागलाय तो पुढच्या गोष्टीचा. डब्ल्यूपीए२ मध्ये पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव एकत्र करून पीबीकेडीएफ२ ह्या गणिती कृतीच्या ४,०९६ फेऱ्यांतून एक मूळ चावी निघते, पीएमके. आमच्याकडे पासवर्ड एक, नाव एक, म्हणून १२० जणांची मूळ चावीही एकच. प्रत्येकाची वेगळी सेशन चावी चार निरोपांच्या हँडशेकमध्ये तयार होते. तिला पाच गोष्टी लागतात : पीएमके, एपीचा यादृच्छिक आकडा, फोनचा यादृच्छिक आकडा आणि दोघांचे मॅक पत्ते (यंत्रांचे हार्डवेअर पत्ते). पाचांतल्या चार हवेतून उघड्या जातात. पाचवी आमच्या फळ्यावर लिहिलेली आहे.

म्हणजे डीऑथ पाठवून कुणाला तोडायचं, तो परत जोडताना हँडशेक पकडायचा आणि मग त्याची सेशन चावी घरी बसून काढायची. त्या पोरानं एवढं केलं नव्हतं. करता आलं असतं.

आता ह्यावर काय करावं? त्याच्या पुढचं डब्ल्यूपीए३ की प्रत्येकाला वेगळं लॉगिन? खर्चाची मर्यादा आहे. जाणकारांनी लिहावं.

मास्तर_६५

उत्तम आणि तळमळीनं लिहिलंत. माझी शंका साधी आहे. अशी चावी काढली तर मुलांचे बँकेचे व्यवहार दिसतील का?

कृष्णाकाठ

मास्तर, नाही. बँक, मेल, व्हॉट्सअ‍ॅप ह्यांचं स्वतःचं कूटलेखन वर असतंच, वाय-फायचं कुलूप निघालं तरी ते राहतं. पण कोण कुठल्या साइटवर गेलं हे डीएनएसवरून (साइटचा पत्ता विचारणाऱ्या निरोपांवरून) दिसतं, आणि काही क्लासेसची पोर्टलं अजून साध्या, कूटलेखन नसलेल्या एचटीटीपीवर आहेत. तिथे टाकलेला पासवर्ड सरळ वाचता येतो. अभ्यासिकेतली कुठली मुलगी रात्री काय शोधत होती, हे शेजारच्या बाकावरच्याला कळता कामा नये.

बिनतारी

आधी तातडीचं. एपीच्या सेटिंगमध्ये पीएमएफ शोधा, काही ठिकाणी त्याला '८०२.११डब्ल्यू' किंवा 'प्रोटेक्टेड मॅनेजमेंट फ्रेम' लिहिलेलं असतं. मानक २००९ चं आहे, डब्ल्यूपीए२ वरही चालतं. हे लागलं की जोडलेल्या फोनला आलेल्या डीऑथवर सेशन चावीचा शिक्का लागतो, शिक्का नसलेली फ्रेम फोन टाकून देतो. सगळ्यांना एकदम उद्देशून पाठवलेल्या डीऑथसाठी वेगळी गट-चावी असते.

तिथे तीन पर्याय दिसतील : बंद, ऐच्छिक, सक्तीचं. सुरुवातीला ऐच्छिक ठेवा. सक्तीचं केलंत तर जुने फोन आणि प्रिंटर जोडलेच जाणार नाहीत. एक कायम लक्षात असू द्या, कुणी हवेत नुसता गोंगाट करून चॅनेल दाबला तर त्यावर पीएमएफ काही करू शकत नाही.

मी नवी मुंबईत ऑफिसांची नेटवर्कं बसवतो. दहांतल्या आठ ठिकाणी पीएमएफ एपीमध्ये असतं आणि कुणी लावलेलं नसतं. फार वाईट वाटतं, कारण त्याला एक पैसा लागत नाही.

अनुस्वार

@कृष्णाकाठ, सीक्वेन्स नंबर आणि सिग्नल ताडून बघितलेत, हे फार आवडलं. बहुतेक लोक राउटर बदलून मोकळे होतात.

फळ्यावरच्या पासवर्डचं तुम्ही लिहिलंत. ज्यांचा पासवर्ड फळ्यावर नाही त्यांच्यासाठीही सांगते, कारण आपल्याकडे घराघरांत वाय-फायचा पासवर्ड म्हणजे घरातल्या कुणाचा तरी मोबाइल नंबर. दहा आकडी, पहिला आकडा ६ ते ९, म्हणजे एकूण ४०० कोटी शक्यता. आजचं भारी ग्राफिक्स कार्ड डब्ल्यूपीए२ चे सेकंदाला साधारण २५ लाख पासवर्ड तपासतं. भागाकार करा, १,६०० सेकंद. अर्ध्या तासाच्या आत सगळे भारतीय मोबाइल नंबर तपासून होतात.

आणि २०१८ पासून त्यासाठी कुणी जोडला जाण्याची वाट बघायलाही नको. हॅशकॅट ह्या पासवर्ड शोधणाऱ्या सॉफ्टवेअरच्या येन्स श्टॉयबेनं दाखवलं की अनेक एपी पहिल्याच निरोपात पीएमकेआयडी (पीएमकेवरून काढलेला आकडा) देऊन टाकतात, तेवढ्यावर घरी बसून अंदाज लावता येतात. २०२१ मध्ये इडो हूर्विट्झ ह्या संशोधकानं तेल अवीवमध्ये फिरून ५,००० नेटवर्कांचे असे नमुने गोळा केले आणि सुमारे ७० टक्के पासवर्ड काढले. त्यांतही मोबाइल नंबरच भरपूर होते.

डब्ल्यूपीए३ चा खरा बदल इथे आहे. त्यातला एसएई हा नवा हँडशेक डॅन हार्किन्सच्या ड्रॅगनफ्लाय पद्धतीवर उभा आहे. फोन आणि एपी दोघंही पासवर्डवरून गणितातल्या एका वक्रावरचा बिंदू काढतात, त्यात स्वतःचा ताजा गुप्त आकडा मिसळतात आणि मगच एकमेकांना काही पाठवतात. हवेत जे जातं त्यावरून घरी बसून अंदाज तपासता येत नाही. एक अंदाज लावायचा तर एपीशी एकदा समोरासमोर देवाणघेवाण करावी लागते, आणि एपी ती मोजू शकतो, थांबवू शकतो. शिवाय पीएमके प्रत्येक जोडणीला नवा, म्हणून पासवर्ड माहीत असलेल्या शेजाऱ्यालाही नुसतं ऐकून तुमचं काही उलगडत नाही. पीएमएफ तर त्यात सक्तीचंच आहे.

पहाटगाणी

मी अशाच एका अभ्यासिकेत बसते (पुण्यात). दादा, एक विनंती. काही केलंत तरी जुन्या फोनवाल्यांना बाहेर टाकू नका. माझा फोन अँड्रॉइड ७ चा आहे. नवा घ्यायचा तर दोन महिन्यांची मेस जाते.

बिनतारी

@पहाटगाणी, बरोबर बोललात. अँड्रॉइडमध्ये डब्ल्यूपीए३ आलं ते १० पासून. त्यासाठी एपीमध्ये ट्रान्झिशन मोड असतो, एकाच नावावर डब्ल्यूपीए२ आणि ३ दोन्ही.

अनुस्वार

ट्रान्झिशन मोडवर मात्र माझा विश्वास बसत नाही. पासवर्ड एकच, म्हणजे तो डब्ल्यूपीए२ च्या बाजूनं फुटला की फुटलाच. २०१९ मध्ये मॅथी व्हानहूफ आणि एयाल रोनेन ह्यांनी ड्रॅगनब्लड नावानं जे दोष मांडले, त्यात हाही होता : त्याच नावाचा फक्त डब्ल्यूपीए२ बोलणारा खोटा एपी उभा करायचा, फोन खालच्या पायरीवर येतो आणि अंदाज तपासायला पुरेल एवढा हँडशेक देऊन जातो. एसएईमध्ये बिंदू काढायला लागणाऱ्या वेळेवरून पासवर्डचा माग काढता येतो, हा त्यांतला दुसरा दोष. तो नव्या 'हॅश टू एलिमेंट' पद्धतीनं बुजवला.

ह्याच व्हानहूफनी २०१७ मध्ये ल्यूवेन विद्यापीठात फ्रँक पीसेन्स ह्यांच्याबरोबर डब्ल्यूपीए२ वरचा क्रॅक नावाचा हल्ला मांडला होता. हँडशेकचा तिसरा निरोप पुन्हा पाठवला की फोन तीच चावी परत बसवायचा आणि नॉन्स (एका चावीबरोबर एकदाच वापरायचा आकडा) शून्यावर यायचा. अँड्रॉइड ६ मध्ये तर चक्क सगळी शून्यं असलेली चावी बसत होती. १३ वर्षं जगभर वापरलेल्या मानकात हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. म्हणून मी म्हणते, जुने फोन वेगळ्या नावावर, वेगळ्या पासवर्डवर आणि वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच तारांवर वेगळ्या पाडलेल्या नेटवर्कमध्ये) ठेवा. सरमिसळ नको.

आणि अभ्यासिकेसाठी एसएईसुद्धा पुरत नाही. १२० जणांना पासवर्ड माहीत आहे, तेव्हा त्यांतला कुणीही त्याच नावाचा एपी उभा करून स्वतःच एपी असल्याचं सिद्ध करू शकतो. पासवर्ड दोन्ही बाजूंना सारखा आहे ना! ऐकून चावी निघणार नाही, पण मध्ये बसता येईल.

बिनतारी

त्यावर मधला मार्ग आहे. हॉस्टएपीडी ह्या एपी चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला पासवर्डांची फाइल देता येते, राउटरवर टाकायच्या ओपनडब्ल्यूआरटीवरही चालते. नाव एकच, पण दर विद्यार्थ्याला वेगळा पासवर्ड. सोडून गेला की तेवढी ओळ खोडायची. ही सोय डब्ल्यूपीए२ ची, कारण तिथे एपी हँडशेकच्या दुसऱ्या निरोपावर सगळे पासवर्ड एकेक लावून बघू शकतो. एसएईमध्ये पहिल्या निरोपाआधीच कुठला पासवर्ड ते ठरलेलं लागतं, त्यामुळे तसं जमत नाही. पहाटगाणींसारख्या फोनसाठी हा उत्तम उपाय.

डेल्टावर्क्स

नेदरलँड्समध्ये शिकतोय, धागा वाचून राहवलं नाही.

इथे विद्यापीठात एड्युरोम आहे. २००२ मध्ये क्लास विरेंगा ह्यांनी ही कल्पना मांडली, ते तेव्हा इथल्याच सर्फनेट संस्थेत होते. तुमच्या विद्यापीठाचं लॉगिन घेऊन दुसऱ्या कुठल्याही सहभागी विद्यापीठात गेलात तरी फोन आपोआप जोडला जातो. भारतात हे एर्नेट ही शैक्षणिक नेटवर्कची संस्था चालवते. मागच्या सुट्टीत भारतात एका विद्यापीठाच्या आवारात उभा होतो आणि खिशातला फोन इथल्या लॉगिननं जोडला गेला, त्याचं फार अप्रूप वाटलं.

आतली रचना ८०२.१एक्सची, म्हणजे प्रत्येकाला वेगळं लॉगिन देणाऱ्या मानकाची. फोन, एपी आणि लॉगिन तपासणारा रेडियस सर्व्हर अशी तीन माणसं. एपी फक्त दारवान, त्याला पासवर्ड कळत नाही. फोन आणि सर्व्हर ईएपीच्या निरोपांतून बोलतात, एपी ते पुढे पोचवतो, आणि सर्व्हरनं 'हो' म्हटलं की दार उघडतो. एड्युरोममध्ये लॉगिनमधला अ‍ॅटच्या चिन्हापुढचा भाग बघून निरोप देशोदेशीच्या सर्व्हरांतून तुमच्या मूळ विद्यापीठापर्यंत जातो. बाहेरच्या पाकिटावर नाव 'अनामिक' टाकता येतं, खरं नाव आतल्या टीएलएस (कूटलेखनाच्या) बोगद्यात. म्हणजे यजमान विद्यापीठालाही तुम्ही कोण ते कळत नाही, फक्त कुठले ते कळतं.

मुद्दा हा की हे एका गावच्या अभ्यासिकेतही रास्पबेरी पाय ह्या छोट्या संगणकावर फ्रीरेडियस हे रेडियस सर्व्हरचं सॉफ्टवेअर टाकून चालेल. मी इथून मदत करेन, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

अनुस्वार

+१. पण ८०२.१एक्स लावून लोक निर्धास्त होतात आणि तिथेच घात होतो. फोननं सर्व्हरचं सर्टिफिकेट (ओळख पटवणारं डिजिटल प्रमाणपत्र) तपासलंच पाहिजे.

पीईएपी ह्या ईएपीच्या प्रकारात बोगद्याच्या आत बहुतेक ठिकाणी एमएसचॅप व्ही२ ही पासवर्ड तपासायची पद्धत असते. २०१२ च्या डेफकॉन ह्या हॅकर परिषदेत मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डेव्हिड हल्टन ह्यांनी दाखवलं की त्यातला हॅश (पासवर्डचा गणिती ठसा) डीईएस ह्या जुन्या कूटलेखनाच्या तीन चाव्यांत तुकडे करून वापरला जातो. १६ बाइट तीन चाव्यांत वाटले की तिसऱ्या वाट्याला दोनच बाइट उरतात, म्हणजे ६५,५३६ शक्यता. पहिल्या दोन चाव्या एकाच वेळी शोधता येतात. सगळं मिळून काम एका ५६ बिटांच्या डीईएस चावीएवढं, पासवर्ड कितीही मोठा असो. ह्याला वाचवतो तो फक्त बाहेरचा टीएलएस बोगदा, आणि बोगदा कुणाशी खणलाय हे तपासलं नाही तर तो खोट्या एपीशीच खणला जातो. टीटीएलएस ह्या दुसऱ्या प्रकाराच्या आत साधं पॅप (पासवर्ड न झाकता देणारी पद्धत) असेल तर आणखी सोपं, पासवर्ड जसाच्या तसा समोरच्याच्या हातात.

अँड्रॉइडमध्ये पूर्वी 'प्रमाणपत्र तपासू नका' असा पर्याय होता आणि कॉलेजांच्या माहितीपत्रकांतच तो निवडा म्हणून छापलेलं असायचं. मी स्वतः तसं पत्रक बघितलंय, अजून राग येतो. डिसेंबर २०२० मध्ये पिक्सेल फोनवरून तो काढायला सुरुवात झाली. 'डोमेन'चा रकानाही भराच. सिस्टिमची प्रमाणपत्रं निवडून डोमेन मोकळं सोडलं, तर जगातलं कुठलंही वैध सर्टिफिकेट घेऊन येणारा तुमचा सर्व्हर ठरतो.

सातारी_कंदील

वाचतोय. मध्येच विचारतो, हे सगळं करण्यापेक्षा वाय-फाय ७ चा राउटर घेतला तर?

बिनतारी

@सातारी_कंदील, त्यानं हा प्रश्न सुटत नाही. त्यातलं ४,०९६ क्वॅम (सिग्नलमध्ये बिट भरण्याची पद्धत) म्हणजे एका चिन्हात दहाऐवजी बारा बिट, वेग २० टक्के वाढतो, पण एपीच्या अगदी जवळ बसलात तरच. ३२० मेगाहर्ट्झचा चॅनेल फक्त ६ गिगाहर्ट्झमध्ये मावतो. आपल्याकडे ५,९२५ ते ६,४२५ हा पट्टा परवानामुक्त करण्याच्या नियमांचा मसुदा मे २०२५ मध्ये आला. ह्या ५०० मेगाहर्ट्झमध्ये असा रुंद चॅनेल एकच बसतो. १२० जणांच्या हॉलमध्ये रुंद चॅनेल घ्यायचाच नसतो. ५ गिगाहर्ट्झला २०१८ पासून आपल्याला ६०५ मेगाहर्ट्झ मोकळे आहेत, त्यांत २० किंवा ४० चे चॅनेल पाडून तिन्ही एपी वेगळे ठेवा. वाय-फाय ६ चं ओएफडीएमए एका वेळी अनेक फोनचे छोटे निरोप वाहतं, गर्दीत त्याचाच उपयोग होतो.

सुरक्षेपुरतं म्हणाल तर एक खरं आहे, ६ गिगाहर्ट्झमध्ये डब्ल्यूपीए२ ला आणि साध्या उघड्या नेटवर्कला जागाच नाही. पासवर्डाशिवाय ठेवायचं तर ओडब्ल्यूई लागतं, त्यात पासवर्ड नसतानाही दर जोडणीला वेगळी चावी तयार होते. जुनं ओझं नसलेला पट्टा मिळाला की मानक कसं स्वच्छ होतं, ते तिथे दिसतं.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे लागले, काय झालं ते लिहितो.

पीएमएफ ऐच्छिक केलं त्याच रात्री विश्वस्तांच्या परवानगीनं तेच ईएसपी बोर्ड स्वतः चालवून बघितलं. नवे फोन हललेही नाहीत. वायरशार्कमध्ये डीऑथचा पाऊस पडतोय आणि शेजारच्या फोनवर व्हिडिओ चालू, हे बघताना खूप बरं वाटलं. अकरा जुने फोन मात्र पहिल्यासारखेच तुटले.

मग डेल्टावर्क्स ह्यांच्या मदतीनं रास्पबेरी पायवर फ्रीरेडियस बसवलं. रोज रात्री साडेनऊला, त्यांच्या संध्याकाळी, फोन करून एकेक फाइल लावली. प्रवेश क्रमांक हे लॉगिन, आणि यंत्रानं काढलेला बारा अक्षरांचा पासवर्ड चिठ्ठीवर छापून हातात. स्वतःचा पासवर्ड कुणाला निवडू दिला नाही, कारण लोक मेलचाच टाकतात. अभ्यासिकेचं स्वतःचं मूळ प्रमाणपत्र तयार केलं, त्याची चावी पेनड्राइव्हवर घालून ग्रंथपालांच्या कपाटात ठेवली. आयफोनवाल्यांना प्रोफाइलची फाइल दिली, एका टिचकीत सगळं बसतं. अँड्रॉइडवर मी स्वतः बसून भरलं. जुन्या अकरा फोनना बिनतारींनी सांगितलेली फाइल, वेगळं नाव, वेगळा व्हीलॅन, आणि तिथून एकमेकांचे फोन दिसत नाहीत. फळा पुसला.

गेल्या रविवारी परीक्षा घेतली. आधी विश्वस्तांची लेखी परवानगी घेतली, मगच लॅपटॉपवर त्याच नावाचा खोटा एपी आणि भलतंच सर्टिफिकेट लावून अर्धा तास बसलो. बाकी फोन ओळख पटेना म्हणून मागे फिरले. तीन फोनांनी लॉगिन देऊन टाकलं. तिन्हींवर कुणीतरी घरी जाऊन सेटिंग काढून परत भरलं होतं, 'तपासू नका' निवडून. त्यांचे पासवर्ड लगेच बदलले आणि फोन परत नीट भरले. ही परीक्षा दर दोन महिन्यांनी घेणार आहे.

ती पेपर सोडून गेलेली मुलगी परत येऊ लागली आहे. तिचा फोन मी सगळ्यात आधी भरला.

मास्तर_६५

फार मोलाचं काम केलंत. आमच्याकडे विट्यालाही अशी अभ्यासिका आहे, तिथेही फळाच आहे. अँड्रॉइडवर नेमकं काय काय भरायचं, तेवढं क्रमानं सांगाल का? मी वहीत उतरवून घेतो.

कृष्णाकाठ

नक्की, मास्तर. आधी मूळ प्रमाणपत्राची फाइल फोनच्या सुरक्षा सेटिंगमधून 'वाय-फाय प्रमाणपत्र' म्हणून बसवायची. मग नेटवर्कच्या नावावर टिचकी मारून ईएपी पद्धत टीटीएलएस, दुसरा टप्पा पॅप, सीए प्रमाणपत्रात आत्ता बसवलेलं नाव, डोमेनमध्ये सर्व्हरच्या सर्टिफिकेटवर आहे तेच नाव अक्षरशः, ओळख म्हणजे प्रवेश क्रमांक, अनामिक ओळखीत 'अनामिक', शेवटी पासवर्ड. डोमेनमध्ये एक टिंबही चुकलं तर जोडलं जात नाही, तेव्हा तिथे घाई करू नका.

पण वाचून करण्यापेक्षा एकदा समोर बसून करू. शनिवारी सहानंतर मी अभ्यासिकेतच असतो. तुमच्याकडचा जो कुणी नेटवर्क बघतो त्याला घेऊन या, आणि एक जुना फोनही आणा, म्हणजे दोन्ही प्रकार दाखवता येतील.